त्यांची काळी दोन, माझी काळी चार

आमच्या इंदिरानगरात सकाळी भाजीची गाडी येते. गाडीवाला मला ओळखतो, आणि ओळखतो हे रोज दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी मेथीची जुडी उचलली की मान वर करून तो बारीक आवाजात ओरडतो, "म्होरंऽऽ!" आसपासच्या बायका हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता हसत नाही. जुडी खाली ठेवते आणि कोथिंबीर बघायला लागते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी आणि आमचे हे, आम्ही नवरा-बायको जोडीनं लोकगीतं गायचो. कॅसेटचा जमाना होता. गाणी पुष्कळ गायलो, लोकांच्या लक्षात एकच राहिलं. त्यात टेंपोत भाजी भरून बाजाराला निघालेली बायको हट्ट धरते, की मी मागे पाट्यांवर बसणार नाही, म्होरं बसणार, ड्रायव्हरच्या शेजारी. नवरा म्हणतो, मागं बस. ती म्हणते म्होरं, तो म्हणतो मागं, असं गाणं वाढत जातं. शेवटच्या कडव्यात ती 'म्होरं' हा शब्द पार वर नेते आणि तिथे तिचा आवाज फाटतो. जत्रेतली पिपाणी फुटावी तशी किंचाळी येते. सगळा महाराष्ट्र त्या किंचाळीवर हसला. हळदीच्या मांडवात ते गाणं अजून वाजतं. हल्ली मोबाईलवर पोरी गाडीचं पुढचं दार उघडतात, आत उडी मारतात आणि त्या किंचाळीवर ओठ हलवतात.

लोकांना वाटतं तो अभिनय होता. अभिनय वगैरे काही नव्हता. गळा माझा होता आणि तो खरोखर फाटला होता. कुणामुळे फाटला ते आज लिहून ठेवते, कारण ज्यांनी फाडला ते अजून आतल्या खोलीत पेटी वाजवत बसतात आणि तिथूनच मला चहा मागतात.

त्याआधी पट्टी म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. पुरुषांची साधारण काळी एक नाही तर काळी दोन. बायकांची काळी चार, पांढरी पाच, त्या आसपास. बाईनं पुरुषाच्या पट्टीत गायचं ठरवलं तर तिला एक तर विहिरीच्या तळाशी जावं लागतं, नाही तर घराच्या पत्र्यावर चढावं लागतं. पुरुषानं बाईच्या पट्टीत गायचं म्हटलं तर त्याचीही तीच गत. म्हणून जोडीनं गाणारे शहाणे लोक मधली पट्टी काढतात आणि दोघं थोडं थोडं सोसतात. आमच्याकडे सोसण्याचं सगळं खातं माझ्याकडे होतं.

माझं माहेर सटाण्याकडचं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, रात्रभर बायका गाणी म्हणतात. आई पुढे म्हणायची, मी तिच्या मांडीला मांडी लावून मागून ओढायचे. कधी हौसेनं आवाज चढवला तर आई गाणं न थांबवता कोपरानं ढोसायची आणि नंतर म्हणायची, "वर चढू नको. तुना आवाज खाले गोड शे." आईला पेटीतलं काही कळत नव्हतं. पण माझा आवाज कुठे राहतो ते तिला ठाऊक होतं. पुढे एका जुन्या पेटीवाल्यांनी माझं गाणं ऐकून बोट ठेवून दाखवलं, "पोरी, ही तुझी. काळी चार. हिला सोडू नको."

लग्न झालं आणि मी ती सोडली.

सासर नांदगावकडचं. ह्यांना मनमाडला रेल्वेत नोकरी होती, सुट्टीच्या दिवशी गाण्याची पार्टी. सासरेही गायचे. त्यांची पट्टी काळी दोन, म्हणून ह्यांची काळी दोन, आणि म्हणून साऱ्या पार्टीची काळी दोन. घरात ती आडनावासारखी सांगितली जायची. पहिल्याच तालमीत मी दबकत म्हटलं, जरा खाली घेऊ या का? तर हे म्हणाले, "आमच्या घराची पट्टी हाय ती. घसा तापला की आपसूक जातंय वर." मी नवीन सून. घसा तापवत राहिले.

आमच्या पार्टीची एक रीत होती. गाणं हाळीनं सुरू व्हायचं. वाद्यं वाजायच्या आधी गाणाऱ्यानं मोकळ्या आवाजात साद घालायची, ती हाळी. त्या हाळीचा सूर ऐकून पेटीवाला पट्टी धरतो आणि ढोलकी उचलते. एकदा हाळी गेली की गेली. मग गाणं संपेपर्यंत पट्टी बदलत नाही, कुणाचा गळा गेला तरी. आणि हाळी नेहमी ह्यांची. "ए कारभारनीऽऽ" म्हणून ते काळी दोनवर उभे राहायचे आणि मी मुकाट्यानं पत्र्यावर चढायचे.

टेंपोचं गाणं मी जुळवलं होतं. त्यात कल्पना काही नव्हती. वांगी आणि मिरच्या घेऊन आम्ही बाजाराला जायचो तेव्हा टेंपोत पुढे सासरे आणि सासूबाई बसायचे, मागे पाट्यांवर मी. वाऱ्यानं डोळ्यांत माती जायची, मिरच्यांचा खकाणा नाकात. पुढची काच बंद करून दोघं गप्पा मारत असायचे. रागानं मी मागच्या मागे ओळी रचल्या. ह्यांना म्हणून दाखवल्या तर ते खूश झाले. नवऱ्याची कडवी त्यांनी स्वतः घातली. गाणं छान झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

कॅसेट नाशिकला झाली. एका गल्लीत वरच्या मजल्यावर स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. आम्ही दोघं एकाच माईकसमोर घामानं निथळत उभे. मी ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "अहो, आज तरी पट्टी उतरवा. हे टेपवर कायमचं राहणार." ते नुसते हसले आणि त्यांनी हाळी दिली. काळी दोन.

शेवटच्या कडव्यापर्यंत मी कशीबशी आले. 'म्होरं'वर चढले आणि आवाज फाटला. मी तोंडावर हात घेतला. रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचं यंत्र काढलं आणि तो टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. कॅसेट काढणारा गृहस्थ म्हणाला, "ताई, हेच ठेवू. पब्लिक वेडं होईल." मी ह्यांच्याकडे बघितलं. ते एक शब्द बोलले असते तर पुन्हा घेतलं असतं. हाळी त्यांची होती, पार्टी त्यांची होती, बायको त्यांची होती. ते म्हणाले, "राहू द्या. लय मजा येती."

त्या 'राहू द्या'चा मी डूख धरला. लोक म्हणतात काळानं राग निवतो. ज्यांचा निवतो त्यांचा राग साधा असणार.

पब्लिक खरंच वेडं झालं. गणपती, नवरात्र, वरात, कुठेही गेलं तरी आधी तेच गाणं आणि गाण्यात तीच किंचाळी. चुकून फाटलेला आवाज आता मला मुद्दाम फाडावा लागायचा, तोही कॅसेटवर फाटला तसाच. एखाद दिवशी नीट लागला तर लोक ओरडायचे, "कॅसेटसारखं करा!" ह्यांना भारी मौज वाटायची. शेवटचं कडवं आलं की माईक माझ्याकडे वळवून ते लोकांना सांगायचे, "आता ऐका आमच्या घरच्या कुकरची शिट्टी." लोक शिट्ट्या मारायचे. मी पदर कमरेला खोचून शिट्टी द्यायचे. दुसऱ्या दिवशी माझा आवाज बसलेला असायचा, मी पोरांना खुणांनी जेवायला वाढायचे, आणि हे शेजाऱ्यांना सांगायचे की घरात मोठी शांतता आहे.

मी पुन्हा पुन्हा बोलले. भांडले, अबोला धरला, माहेरी जाऊन बसले. त्यांचं एकच. "बाईमानसासाठी पट्टी उतरवली तर लोक म्हनतील, गडी थकला." गडी थकू नये म्हणून बाई थकवायची, असा तो हिशेब.

मग मी लहानसहान सूड उगवले. कार्यक्रमाच्या दिवशी भजी करायची आणि ती जुन्या तेलात तळायची. ताक आंबटढाण. चिंचेचा सार. त्यांच्या घशाला काही झालं नाही. लोखंडी घसा. माझ्या मात्र पोटात आग पडायची, कारण तेच मलाही खावं लागायचं.

सगळ्यात खोल गेलेली गोष्ट वेगळीच आहे. एकदा पुण्याकडून एक बाई आल्या होत्या. कानबाईची जुनी गाणी गोळा करत त्या गावोगाव हिंडत होत्या. सटाण्याला आई तेव्हा आजारी होती, तिनं त्यांना सांगितलं, माझी सगळी गाणी माझ्या पोरीकडे आहेत. त्या पत्ता काढत मनमाडच्या घरी आल्या. मी हात धुतले, बसले, गळा मोकळा केला. त्यांनी टेपरेकॉर्डर काढला, माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, त्या तुम्हीच का? ते म्होरं म्हणता त्या?" मी म्हटलं, हो. "म्हणा ना एकदा. आमच्या घरी सगळे वेडे आहेत त्याचे." मी म्हटलं. त्या पोट धरून हसल्या. मग मी आईचं एक गाणं सुरू केलं, पण हसण्याच्या भरात त्यांचं लक्ष उडालं होतं. थोडं ऐकून म्हणाल्या, तुमच्या आवाजाला ते चटपटीतच शोभतं. चहा घेऊन गेल्या. पुढे त्यांचं मोठं पुस्तक आलं म्हणे, कॅसेटीसकट. आईची गाणी त्यात नाहीत. आई त्याच पावसाळ्यात गेली. तिची मी पाठ केलेली गाणी आज दुसऱ्या कुणाकडे नाहीत, कारण किंचाळणाऱ्या बाईकडून गाणी कोण घेणार?

म्हणजे मला पाहिजे होतं ते एवढंच. माझा आवाज लोकांनी एकदा माझ्या पट्टीत ऐकावा. आणि त्याच वेळी ह्यांनी पत्र्यावर चढून बघावं. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं तर मला नको होतं, हेही सांगून टाकते.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. कार्यक्रम थांबले. हे निवृत्त झाले आणि मुलानं आम्हाला नाशिकला आणलं. हे रोज सकाळी पेटी घेऊन बसायचे, काळी दोन धरायचे आणि गच्चीत वाळवण घालणाऱ्या बायकांना ऐकू जाईल असे गायचे. मी गायचे नाही. कुणी म्हटलं तर सांगायचे, गळा गेला. गळा कुठला जातो? बरीच वर्षं शिट्टी द्यायची नव्हती, तो आपला आपण बरा होत होता. दुपारी हे झोपले की मी आतून कडी लावून आईची गाणी गुणगुणायचे. वयानं आवाज आणखी खाली उतरला होता, जाडसर झाला होता. पण भेग गेली होती.

मग त्या मोबाईलच्या पोरींनी गाणं उकरून काढलं, आणि आमच्या भागातल्या एका मंडळाला आमची आठवण झाली. लोककलावंत जोडप्याचा सत्कार, शाल, नारळ, आणि शेवटी 'ते' गाणं. मंडळाचे दोघं घरी आले तेव्हा ह्यांनी आधी मुद्दाम आढेवेढे घेतले आणि मग ते जाताच आरशासमोर उभे राहून फेटा बांधून बघितला. मला म्हणाले, "शिट्टी जमंल ना?" मी म्हटलं, "जमेल की."

आदल्या दिवशी हॉलवर तालीम होती. हे म्हणाले, आम्हाला कसली तालीम, झोपेत गाऊ. मी साडीला फॉल लावायला जाते म्हणून निघाले आणि रिक्षानं हॉल गाठला. पेटीवाला नव्हता, कीबोर्डवाला होता. चांगला दाढीवाला बाप्या माणूस, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. तो म्हणाला, "काकू, ओरिजिनल काळी दोन आहे, मी ऐकून आलोय." मी म्हटलं, "आता वय झालं. काळी चार घ्या." त्यानं एक बटण काही वेळा दाबलं आणि झालं. एवढंच होतं ते. मग तो थांबला. "पण काकांना फार वर जाईल हो. नाही तर एकदम खाली."

"काका जातात वर," मी म्हटलं. "घसा तापला की आपसूक जातात."

त्याला ते पटलं. आता फक्त हाळी राहिली होती. ह्यांनी आधी साद घातली असती तर त्या माणसानं बटण पुन्हा दाबलं असतं आणि माझा सगळा बेत पाण्यात गेला असता.

पण संसार केला की माणसाच्या खोडी पाठ होतात. ह्यांना माईक हातात आला की लगेच गाता येत नाही. आधी मायबाप रसिकांना नमस्कार, मग पाहुण्यांना, मग वादकांना, मग सासऱ्यांची आठवण. आणि शेवटी मान्यवरांपैकी जो वयानं सगळ्यात मोठा असेल त्याच्या पायाशी वाकायचं. तेवढा वेळ माईक छातीशी धरलेला आणि पाठ लोकांकडे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तसंच झालं. हॉल भरलेला होता. शाली झाल्या, नारळ झाले. ह्यांनी फेट्याचा शेमला खांद्यावर घेतला, नमस्कार घातले, सासरे आठवले, आणि एका निवृत्त हेडमास्तरांच्या पायाशी वाकले. मी माझा माईक तोंडाशी नेला.

"धनीऽऽऽ"

काळी चार. सा जिथे बसायचा तिथे बसला. कीबोर्डवाल्यानं लगेच सूर धरला, ढोलकी वाजली, आणि हे वाकलेले तसेच मान फिरवून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना पहिल्यांदा वाटलं असावं, मी गळा साफ करते आहे. पण ढोलकी सुरू झालेली. रीत त्यांचीच होती, एकदा हाळी गेली की गेली.

माझं पहिलं कडवं मी सावकाश घेतलं. टेंपो, पाट्या, मिरच्यांचा खकाणा, सगळं नीट सांगितलं. तोवर ह्या गाण्याचे शब्द कधी कुणी ऐकलेच नव्हते, सगळे शेवटच्या किंचाळीची वाट बघत बसायचे. पुढच्या रांगेतल्या बायका हसायच्या थांबल्या आणि ऐकायला लागल्या.

मग ह्यांचं कडवं. त्यांनी आधी खालून घेतलं. ओळ जमिनीत गेली. ओठ हलताना दिसत होते, माईकमधून नुसती घरघर. लोकांना वाटलं माईक बिघडला. एक जण धावत येऊन वायर बघून गेला. दुसऱ्या ओळीला त्यांनी हिकमत केली आणि वरून उडी घेतली. मानेच्या शिरा टरटरून फुगल्या. फेट्याखाली घाम आला. 'मागं बस गं कारभारनी', ह्यात 'मागं' सगळ्यात उंच. मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते. आवाज चढला, थरथरला, आणि फाटला. कोंबडं पहाटे अर्ध्यात आरवावं तसा.

हॉल खदाखदा हसला. मागची पोरं बाकावर उभी राहिली. ह्या माणसाला आयुष्यात स्टेजवर कुणी हसलं नव्हतं. त्यांनी कीबोर्डवाल्याला हातानं थांब म्हणून खूण केली आणि माईक बाजूला धरून मला म्हणाले, "पुन्ना घेऊ. पट्टी चुकली."

मी माईक बाजूला धरला नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "राहू द्या. लय मजा येती."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, त्यांना तो गाण्यातलाच भाग वाटला. ह्यांना नाही वाटला. त्यांचा चेहरा असा उतरला की क्षणभर कुणालाही दया आली असती. मला आली नाही. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. श्रीखंडासारखं जिभेवर ठेवून मी पुढचं कडवं म्हटलं. त्यांच्या प्रत्येक उत्तराला मी थांबत होते, पुरता वेळ देत होते, आणि ते प्रत्येक वेळी चढून पडत होते.

शेवटचं कडवं आलं. सगळ्या पोरींनी मोबाईल वर धरले. मी 'म्होरं'पाशी आले, शब्द उचलला, वर नेला, तिथे थोडा वेळ ठेवला आणि हळूच खाली आणला. फाटला नाही.  किंचाळी न मिळाल्यामुळे काय करावं हे लोकांना कळेना. मग पुढच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईंनी टाळी वाजवली, आणि मग बाकीच्यांनी.

उतरताना एक तरुण बाई आडवी आली. ती संगीत शिकवते म्हणाली. ह्यांच्या देखत तिनं माझा हात धरला. "काकू, तुमचा आवाज एवढा सुंदर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं." मी ह्यांच्याकडे बघितलं. ते फेटा काढून त्याच्या निऱ्या मोडत होते.

रिक्षात ते एका कडेला बसले, शाल-नारळ मध्ये.  माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. मी ठरवलं होतं, ते रागावले तर आपण इतक्या वर्षांचं सगळं काढायचं. पण ते रागावले नाहीत. बाहेर बघत, बसलेल्या आवाजात म्हणाले, "ती बाई चुकली."

"कोणती?"

"कुनाला म्हाईत नव्हतं म्हनली ती. मला म्हाईत व्हतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"सटान्याला आलतो मी. लग्नाच्या आधी, कानबाईला. दोस्तासंगं भाईर वट्यावर बसलो व्हतो. तू आत म्हनत व्हतीस, असंच, खाली. सगळा वट्टा गप झालता." त्यांनी घसा खाकरला, पण तो साफ झाला नाही. "म्हनून तर मागनी घातली."

"मग?" मी विचारलं. "मग पट्टी का नाही उतरवली?"

ते हसले. लाजल्यासारखे. "तू खाली गायली असतीस, तर मला कुनी ऐकलं असतं का?"

रिक्षावाल्यानं विचारलं, डावीकडे का उजवीकडे. मी सांगितलं उजवीकडे. माझा आवाज अगदी नीट निघाला, याचंच मला नवल वाटलं.

इतकी वर्षं मी समजत होते की ह्यांना कान नाहीत. घमेंड आहे, घराण्याचा ताठा आहे, बायकोचा त्रास दिसत नाही, असा हा माणूस, आणि अशा माणसावर धरायचा तेवढा राग मी धरला होता. तो सगळा राग त्या संध्याकाळी फेडून मी रिक्षात बसले होते. आणि आता कळत होतं की त्यांना कान होते. माझ्या आईइतके चांगले कान होते. त्यांनी माझा आवाज ऐकला, ओळखला, घरी आणला आणि जपून पत्र्यावर चढवून ठेवला. सूड भलत्याच गुन्ह्याचा घेतला होता मी. ह्या गुन्ह्याचा अजून घ्यायचाच होता.

ते मात्र मोकळे झाल्यासारखे दिसत होते. सांगून टाकलं की संपलं, असा पुरुषांचा समज असतो. घरी आल्यावर त्यांनी आमटी-भात मागून घेतला आणि जेवले.

चार दिवसांनी मनमाडहून फोन आला. तिथल्या एका मंडळाला आमचा कार्यक्रम हवा होता, मोबाईलवर त्यांनी नवं गाणं बघितलं होतं. "काकांचं ते मागं लय भारी," फोनवरचा माणूस म्हणाला. "तसंच करायचं. आमच्या गावचे, जुन्या रेल्वेचे सगळे लोक येनार हाय." हे समोर बसून दोन्ही हातांनी नको नको करत होते. त्यांचे सगळे दोस्त तिथेच राहतात, सोबत नोकरी केलेले, ह्यांची काळी दोन ऐकून वाहवा देणारे.

मी म्हटलं, "येतो की. दोघंही येतो." फोनवरच्या माणसाला तारीख सांगितली आणि येवल्याचंही कोणी विचारत असेल तर कळवा म्हटलं.

मग आत जाऊन मी त्यांची पेटी बाहेर आणली. भाता उघडला, काळी चारवर बोट ठेवलं आणि सूर धरून ठेवला.

"बसा," मी म्हटलं. "तालीम करू."